ऱ्हस्व हात

२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पाकीट मिळालं. आत माझंच पत्र, त्यावर तीन लाल गोल आणि खाली एक ओळ: "आई 'निट' लिहील?" बाकी काही नाही, सहीसुद्धा नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहूनच उत्तर देते.

पहिली गोष्ट म्हणजे ती वाक्यं मी रचलेली नाहीत. आईने पाटीवर जे दाखवलं तेच तुला उतरवून पाठवलं. "मी इथे निट आहे. ताईला सांग येउ नको. मला तिथे जायची भिती वाटते." तिन्ही चुका मलाही दिसल्या होत्या. पण आईचं बोलणं आपण दुरुस्त करायचं नाही, म्हणून जसंच्या तसं ठेवलं. मला खोटंच पाठवायचं असतं तर शुद्ध करून पाठवलं असतं, एवढी अक्कल मला आहे.

दुसरं, आईचं बोलणं ज्याने गेलं तो झटका मेंदूला आला आहे. पायाला आलेला नाही. तुझे गोल पाहून मी डॉक्टरांना मुद्दाम फोन केला. अशा आजारात लिहिणं बिघडू शकतं का, असं विचारलं. बिघडू शकतं, म्हणाले. मग विचारलं, बाकी सगळं ठीक राहून फक्त वेलांट्या आणि उकार बिघडू शकतात का? ते म्हणाले, "हे पुढच्या भेटीत बोलू या का?"

तू पाटी पाहिलेली नाहीस. तू गेल्यानंतर मी ती केली. दवाखान्याच्या बाकावर एक बाई भेटायच्या, त्यांच्या नवऱ्याचंही बोलणं गेलेलं. त्या त्याचा हात धरून अक्षरांवर नेत आणि तो पूर्ण वाक्यं सांगे. त्यांनी मला शिकवलं. जाड पुठ्ठ्यावर अक्षरं लिहिली आहेत, वर स्वर, खाली व्यंजनं, उजवीकडे काना-मात्रा-वेलांट्या. पाटी आईच्या मांडीवरच्या उशीवर ठेवते आणि तिचं मनगट खालून धरते. फक्त आधार. मी ढकलत नाही. मला ढकलता येईल असं वाटत असेल तर ये आणि एकदा धरून बघ, तिचं बोट आपणहून सरकतं. कधीकधी तर इतक्या जोराने की माझाच हात ओढला जातो. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, आधी डोळ्यांनी हो-नाही जमतंय का बघा. पण पूर्ण वाक्यं मिळत असताना हो-नाही कोण विचारत बसेल?

तुझ्या लाल गोलांचा अर्थ मला कळला नाही असं समजू नकोस. बाबांच्या पूल बांधायच्या कामापायी आपली बिऱ्हाडं हलायची आणि शाळा व्हायची ती जेवणाच्या टेबलावर, आईपुढे. तू प्रत्येक शब्द दीर्घ लिहायचीस, मी प्रत्येक शब्द ऱ्हस्व. तू 'कवीता', 'गणीत'. मी 'निट', 'भिती'. आई बाबांना सांगायची, "मोठीचा हात दीर्घ, धाकटीचा हात ऱ्हस्व. दोघींना एकत्र केलं तर एक धड मुलगी होईल." बाबा हसायचे आणि मी रात्रभर विचार करायचे की माझी कुठली अर्धी ठेवतील.

तेव्हा तुझं म्हणणं असं, की त्या चुका माझ्या आहेत. मी आता चुकत नाही. प्रत्येक पत्र दोनदा तपासते. हेही तपासून पाठवीन.

आता त्या पुनर्वसन केंद्राबद्दल. तिथली जागा मार्चअखेरपर्यंतच राखून ठेवतील हे मला माहीत आहे. पहिलं वर्ष महत्त्वाचं असतं, त्या वर्षात जे परत येईल ते येईल, हेही डॉक्टरांनी तुझ्याइतकंच मलाही सांगितलं आहे. पण आईलाच यायचं नाही, तर मी तिला उचलून गाडीत घालू का? तू दवाखान्यात आलीस आणि आल्या आल्या केंद्राचे कागद पसरलेस. आधी तिच्याजवळ बसायचं तरी होतंस.

आई रोज आणखीही काही काही सांगते. ते सगळं तुला लिहीत नाही.

धाकटी

११ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र तुला कशासाठी लिहिते आहे हे शेवटी सांगेन. आधी दुकानातली गोष्ट.

दुकानातले काका, आमचे चष्मेवाले, तुला आठवत असतील. आईच्या चष्म्याची काडी त्यांनी पैसे न घेता लावून दिली होती. हल्ली ते मला नंबर काढायला बसवतात. मशीन एक अंदाज देतं, पण शेवटचा निर्णय माणसाला विचारूनच होतो. नाकावर चौकट ठेवायची, एक भिंग घालायचं, मग दुसरं, आणि विचारायचं, "हे बरं, की हे?" दिवसभर माझ्या तोंडी हेच वाक्य असतं. घरीसुद्धा मावशींना कुठली भाजी करायची विचारताना माझ्या तोंडून तेच निघतं. (मावशी म्हणजे आईला सांभाळायला येतात त्या. तू गेल्यावर लावल्या. त्यांनी आल्या दिवसापासून घराचा ताबा घेतला आहे.)

गेल्या आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या एक बाई चष्मा परत घेऊन आल्या. सुईत दोरा ओवताना डोकं दुखतं म्हणाल्या. नंबर मी काढला होता. काकांनी पुन्हा काढला, तर वेगळा आला.

"मी तीनदा विचारलं होतं," मी म्हणाले. "तिन्ही वेळा त्यांनी हाच बरा म्हणून सांगितलं."

"सांगणारच," काका म्हणाले. "तू विचारतेस की सांगतेस?"

मला राग आला. त्यांना तो दिसला असावा, कारण ते स्वतःच खुर्चीत बसले, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाले, "घाल भिंगं आणि विचार. मला काही दिसत नाही, तुझं भिंग कुठलं ते मी सांगतो."

मी भिंगं घातली. हे बरं, की हे? ते म्हणाले, दुसरं. बरोबर होतं. म्हणजे मशीनच्या अंदाजाला जे धरून होतं तेच. पुन्हा घातली, मुद्दाम उलट क्रमाने. पहिलं, म्हणाले. मग मी आवाज सपाट ठेवला, अगदी रेल्वेच्या घोषणेसारखा. तरी ओळखलं.

"कसं?"

"जे तुला हवं असतं त्याच्या आधी तू श्वास घेतेस."

"मला काही हवं नसतं, काका."

"तुला नसेल," ते डोळे चोळत म्हणाले. "मलाही नसायचं. माझे वडील माझ्या मागे उभं राहून माझ्या पाठीवर चापट मारायचे, श्वास घेतला की. ते बिचारं गिऱ्हाईक काय करतं, त्याला वाटतं आपण भिंग निवडलं. आणि तुला वाटतं आपण विचारलं. दोघं खूश, आणि चष्मा चुकीचा."

उपाय त्यांनीच सांगितला. आता मशीनचा कागद मला दाखवत नाहीत. भिंगं तेच काढून हातात देतात, आकडा खाली करून. कुठलं बरं असायला हवं हे मलाच माहीत नसतं, त्यामुळे श्वास कुठे घ्यायचा हे माझ्या छातीला कळत नाही. काल त्या शिवणवाल्या बाई आल्या होत्या. डोकं दुखायचं थांबलं.

आता कशासाठी लिहिते आहे ते. काल आईचं मनगट हातात धरलं आणि श्वास मोजत बसले. माझा. काही कळलं नाही. पण एक कळलं, की पाटीवर आईने काहीही सांगायच्या आधी ती काय सांगेल हे मला साधारण माहीत असतं. मी त्याला आजवर माया समजत होते. इतकी वर्षं तिच्यासमोर बसून शिकले आहे, तिच्या मनातलं मला कळणारच, असं.

मी परीक्षा घेणार आहे. आईची नाही, पाटीची. मावशींना सांगितलं आहे. उद्या मी स्वयंपाकघरात थांबेन, मावशी आईला एक वस्तू दाखवतील आणि लपवतील, मग मी येऊन पाटीवर विचारीन, काय पाहिलंस. आईने बरोबर सांगितलं की तुझे लाल गोल तुला परत पाठवीन. नाही सांगितलं तर तेही लिहीन. मध्ये काही गाळणार नाही.

धाकटी

१३ फेब्रुवारी

ताई,

तू बरोबर होतीस.

एवढंच लिहून पत्र बंद करावं असं वाटत होतं, पण गाळणार नाही म्हणाले होते.

मी स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहिले, आवाजाचासुद्धा अंदाज येऊ नये म्हणून. मावशींनी हाक मारली. मी बाहेर येऊन पाटी ठेवली, मनगट धरलं. आईचं बोट लगेच निघालं. क वर, मग अनुस्वार, मग ग, व, काना. कंगवा. किती सहज, किती ठाम. मी मावशींकडे वळून हसलेसुद्धा.

मावशींनी पदराखालून लिंबू काढलं.

"कंगवा तिथे उशाला पडलाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही आत येताना त्याच्याकडे बघितलंत."

पुन्हा केलं. चावीच्या जागी पाटीवर वाटी आली. पेन्सिलीच्या जागी औषध. मी म्हणाले, आई दमली असेल. मावशी म्हणाल्या, दमली असेल. मी म्हणाले, वस्तूंची नावं आठवणं वेगळं आणि मनातलं सांगणं वेगळं, मेंदूत त्यांच्या जागा वेगळ्या असतात, मी वाचलं आहे. मावशी म्हणाल्या, असतील, मी कुठे बघायला गेले. मग त्यांनी मला पुन्हा आत पाठवलं.

या वेळी हाक मारण्याऐवजी त्या स्वतःच आत आल्या आणि माझ्या कानाशी कुजबुजल्या, "तुमच्याकडे बघवत नाही, म्हणून सांगते. चमचा दाखवलाय. जा, विचारा."

मी बाहेर येऊन विचारलं. आईच्या बोटाने क्षणभरही न थांबता लिहिलं, चमचा.

मला इतकं बरं वाटलं ताई, की मावशींनी मला उत्तर सांगितलं होतं हेच मी विसरले. पण मावशी हसत नव्हत्या. त्यांनी पदराखालून हात काढला. हातात माझीच टिकल्यांची डबी होती.

"चमचा मी दाखवलाच नाही," त्या म्हणाल्या. "खोटं बोलले मी. रागावू नका. पण चमचा या घरात फक्त तुमच्या डोक्यात होता."

मी रागावले नाही. मी आईकडे पाहिलं. हे आता लिहिते ते सगळ्यात कठीण आहे. आईचे डोळे मिटलेले होते. पाटीवर 'चमचा' लिहून झालं तेव्हा ते मिटलेले होते, आणि मला आठवलं, की ते नेहमीच मिटलेले असायचे. पाटी ठेवली की ती डोळे मिटायची. मला वाटायचं, एकाग्र होते आहे. डोळे मिटून पुठ्ठ्यावरची अक्षरं कुणाला सापडतात? मी कधी हा प्रश्नच विचारला नाही. मी तिच्या तोंडाकडे बघतच नव्हते, मी पाटीकडे बघत होते.

मी तिचं मनगट खाली ठेवलं. मावशींनी पाटी उचलली आणि कपाटावर टाकली. धुळीत पडू दे, म्हणाल्या.

आता जे तुला सांगितलं नव्हतं ते. पाटीवर रोज मला माझी स्तुती मिळत होती. "तू आहेस म्हणून मी आहे." "तुझ्यासारखी कुणी नाही." आईने जन्मात असं वाक्य तोंडातून काढलं नाही, आणि मला वाटलं, आजाराने ती मऊ झाली. ते माझं मीच मला सांगत होते. त्याची मला लाज वाटते, पण तुझ्याविषयीच्या वाक्याची जास्त. तू येऊ नयेस असं मला कधी वाटलं नाही. म्हणजे वाटतंय हे मला माहीत नव्हतं. मी तुझी वाट बघत होते, तुझ्या खोलीतला पंखासुद्धा दुरुस्त करून घेतला. आणि त्याच हाताने तुला येऊ नकोस म्हणून लिहिलं, आईचं बोट वापरून. आई केंद्रात गेली तर या घरात माझं काय उरतं, हा विचार मी कधी केला नव्हता. हाताने केला होता.

हे खरं आहे असं मला वाटतं. माझ्या वाटण्यावर तू किती विश्वास ठेवावास ते तू ठरव.

पण मी आता रडत बसणार नाही. आईला काय हवं आहे हे अजून कुणालाच माहीत नाही. ना मला, ना तुला. तुझे कागदसुद्धा तू तिला न विचारताच आणले होतेस. तिला समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणतात. मग तिचं ऐकण्याची काहीतरी रीत असलीच पाहिजे, आणि त्यात माझा हात असता कामा नये. जागा मार्चअखेरपर्यंत आहे. तोपर्यंत शोधते.

धाकटी

१ मार्च

ताई,

तुझं कार्ड आलं. "पुढे काय झालं ते कळव." एवढ्या पाच शब्दांत मला कितीतरी दिवसांनी झोप लागली. हेही माझं मीच त्यात घातलेलं असू शकतं, पण असू दे.

दुकानात मी काकांना सगळं सांगितलं. ते काही न बोलता कातडी पिशवी घेऊन निघाले. वाटेत म्हणाले, "आईला चष्मा कुठला घालतेस?"

"तिचाच. वर लांबची, खाली जवळची काच असलेला."

"आणि पाटी कुठे ठेवायचीस?"

"मांडीवर."

"मग ती पाटी तिला कधी दिसलीच नाही."

घरी येऊन त्यांनी दाखवलं. आईची मान आता पुढे झुकलेली राहते, त्यामुळे ती वरच्या काचेतून बघते. वरची काच लांबचं बघायची. जवळचं बघायला नजर खाली न्यावी लागते, ते तिला जमत नाही. म्हणजे एवढे महिने तिला पुस्तक, कागद, औषधाची बाटली, काहीच वाचता आलेलं नाही. आणि मी चष्म्याच्या दुकानात काम करते.

मग त्यांनी पिशवीतून छोटं दिव्याचं उपकरण काढलं. आईच्या डोळ्यात उजेडाची पट्टी फिरवायची आणि आतून परत येणारी चमक बघत भिंगं बदलायची. यात माणसाला काही विचारावं लागत नाही, तान्ह्या मुलांचा नंबर असाच काढतात. मी बाजूला उभी होते. काकांनी मला सांगितलं, श्वासाचं सोड, तू खोलीतूनच जा. मी दारात उभी राहिले, पाठ करून.

"वहिनी," ते आईला म्हणाले, "एक कागद समोर धरतो. वाचता आला तर कसंही कळवा. घाई नाही."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग काका म्हणाले, "डोळे मिटले. बरं, भिंग बदलतो." पुन्हा, "मिटले." नंतर एकदम, "वर बघितलंत. छताकडे. हे हो आहे का?" आणि जरा थांबून, "पुन्हा वर बघतायत. अगं, आई हो म्हणते आहे."

खूण तिने स्वतः ठरवली आहे, ताई. वर म्हणजे हो. मिटले म्हणजे नाही. कुणी शिकवली नाही. माझ्या पाटीसमोर बसून ती रोज डोळे मिटत होती, म्हणजे काय, ते तुला समजावून सांगायला नको.

नवा चष्मा काकांनी दोन दिवसांत करून दिला, फक्त वाचायचा, जड नसलेला. पैसे घ्यायला तयार नव्हते, मी घ्यायला लावले. मावशींनी जुना पेपर आईसमोर धरला, तर पान उलटायचं कधी ते आई वर बघून सांगते. काल मावशी अर्धा तास पेपर धरून उभ्या होत्या. "हिला अख्खा पेपर वाचायचा असतो," म्हणाल्या, "शोकसंदेशसुद्धा."

पण मी घाई केलेली नाही. डोळ्यांचंही तेच होऊ शकतं. मी प्रश्न विचारला आणि मला हव्या त्या उत्तराच्या वेळी श्वास घेतला, तर आई मला बरं वाटावं म्हणून वर बघेल. किंवा पापणी जराशी हलली तरी मी 'हो' वाचेन. म्हणून काकांची रीत आणली. प्रश्न कार्डांवर लिहिले आहेत, मोठ्या अक्षरात, एका कार्डावर एक. मावशी ती पिसतात आणि पालथी माझ्या हातात देतात. मी कार्ड आईसमोर धरते. तोंड तिच्याकडे, पाठ माझ्याकडे. प्रश्न फक्त तिला दिसतो. मावशी माझ्या शेजारी बसतात, त्यांनाही दिसत नाही. वर बघितलं तर मावशी कार्डाच्या पाठीवर रेघ मारतात, मिटले तर फुली. दोघींचं एकमत झालं नाही तर काहीच नाही. सगळी कार्डं संपल्यावरच ती उलटून बघायची.

आज पहिल्यांदा केलं, साध्या प्रश्नांनी. "तुला दोन मुली आहेत का?" रेघ. "तू पायलट आहेस का?" फुली. "मावशी तुझी सासू आहे का?" फुली.

"एवढ्या पटकन?" मावशी म्हणाल्या. "जरा विचार तरी करायचा."

एका कार्डावर लिहिलं होतं, "'निट' हा शब्द शुद्ध आहे का?" फुली. मावशी सांगतात, त्या कार्डाला डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत. तेव्हा तुझ्या लाल गोलांचं उत्तर हे आहे. ऱ्हस्व-दीर्घ शाबूत आहे. आई शाबूत आहे.

धाकटी

९ मार्च

ताई,

उत्तरं लिहिते. प्रत्येक प्रश्न वेगवेगळ्या दिवशी पुन्हा विचारला आहे, आणि उलटा करूनही, म्हणजे 'जायचंय का' असा आणि 'जायचं नाही असं आहे का' असाही.

"ताईने यावं का?" रेघ. प्रत्येक वेळी.

"केंद्रात जायचंय का?" पहिल्या दिवशी धड काही नाही, मावशींची रेघ आणि माझ्या मते काहीच नव्हतं, म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी मी केंद्राची माहिती मोठ्या अक्षरात लिहून तिला वाचायला दिली, त्यात तिथे रोज काय करून घेतात, किती दुखतं, आणि मी सोबत राहू शकणार नाही, हे सगळं होतं. तिने ते दोनदा वाचलं. त्यानंतर विचारलं. रेघ. काल पुन्हा. रेघ.

"इथेच राहायचंय का?" फुली.

ही शेवटची फुली उलटून पाहिली तेव्हा मी ते कार्ड बाकीच्यांखाली सरकवलं. मावशींनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. म्हणाल्या, "चहा ठेवते." मी म्हटलं, ठेवा.

म्हणजे तुझे कागद बरोबर होते. तू कसे आणलेस ते नाही, पण कागद बरोबर होते. मी केंद्राला फोन केला आहे. जागा आहे. त्यांना आईचा चष्मा, तिची खूण आणि मान कशी झुकते ते सगळं लिहून पाठवलं आहे, म्हणजे तिथे पहिल्याच दिवशी कुणी तिचा हात धरून पाटीवर नेणार नाही. गाडीचंही बोलले आहे. झोपवून नेता येतं. माझ्याकडून तयारी आहे.

तरी तू हे माझ्या शब्दावर मान्य करावंस असं मला नको आहे. एक तर मी खोलीत होते. आणि दुसरी गोष्ट मला परवा दुकानात भिंगं पुसताना कळली. कार्डांवरचे प्रश्न माझे आहेत. उत्तरं आईची असतील, पण जे मला विचारायला सुचलं नाही त्याचं उत्तर तिने दिलेलंच नाही. मला काय सुचत नाही, हे मला कसं कळणार? ती चार महिने काय सांगायचा प्रयत्न करत होती, ते माझ्या एकाही कार्डावर नसेल.

एक प्रश्न मात्र मी लिहिला. काल, बाकीच्यांत मिसळून. "तू माझ्यावर रागावली आहेस का?"

मावशींना माहीत नव्हतं. त्यांनी पिसली, मी धरत गेले, त्या खुणा करत गेल्या. एका कार्डाला आईने वर बघितलं आणि नजर खाली आणलीच नाही. मावशी म्हणाल्या, "कळलं हो, मारली रेघ," तरी ती वरच बघत होती. मी कार्ड खाली केलं तरी. मला वाटलं, तिचा डोळा अडकला. मग शेवटी सगळी कार्डं उलटली तेव्हा दिसलं, तेच कार्ड होतं.

मावशी म्हणाल्या, चुकून असेल, उद्या पुन्हा विचारू. मी म्हणाले, नको. ते उत्तर मी कधीच दिलं नसतं, ताई. माझ्या हाताने तर नाहीच. आई माझ्यासमोर बसून रागावली होती, आणि रागावू शकते आहे, आणि मला ते सांगू शकते आहे. मी तिच्या पायाशी बसून म्हटलं, "बरोबर आहे तुझं." तिने डोळे मिटले नाहीत.

पण का रागावली आहे ते कसं विचारायचं? पाटीसाठी, तुझ्यासाठी, चष्म्यासाठी, की आणखी काही आहे, जुनं, मला माहीत नसलेलं? हो-नाहीच्या कार्डांत ते मावत नाही, आणि मी लिहायला बसले तर मला झेपतील तीच कारणं लिहीन.

म्हणून तू ये. लवकर ये, या आठवड्यात जमलं तर या आठवड्यात. येताना कोरी कार्डं आण, वाटेत बसून लिही, तुझ्या मनाला येतील ते प्रश्न, माझ्याविरुद्धचेही. मला दाखवू नकोस. मावशी पिसतील, तू धर. मी जिन्यात उभी राहीन आणि दार लावून घेईन, तू हाक मारेपर्यंत आत येणार नाही.

तुझी बहीण